ओहोटीचा किनारा व भरतीचें गणित



आपण सातारा-सांगलीकडील मुलें कृष्णामाईच्या कांठीं वाढलेलीं. घाटावरून उड्या मारीत पोहावयास शिकलेले आपल्यांत पुष्कळ आहेत. सांगलीस पावसाळ्यांत आयर्विन पुलापाशीं पाणी किती फुटांवर आलें, याची चौकशी घरोघर होते. परंतु नदीचें हें ज्ञान समुद्रावर पुरें पडत नाहीं. नदी एकाच दिशेस वाहते. समुद्राचें पाणी दिवसांतून सामान्यतः दोनदां चढतें व दोनदां उतरतें. हा भेद न ओळखल्यास आनंदाचा दिवस शोकाचा होतो. 1 फेब्रुवारी 2016 रोजीं रायगड जिल्ह्यांतील मुरूड येथें पुण्याहून सहलीस आलेले 14 महाविद्यालयीन विद्यार्थी बुडून मरण पावले. म्हणून कोंकणांत जाण्यापूर्वीं हा पाठ शिकणें अगत्याचें आहे.

उदाहरणार्थ अलिबाग घेऊं. महाबळेश्वराहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर व महाड या मार्गानें तेथें जातां येतें. किनारा उथळ व सपाट आहे. शिवाजी महाराजांनीं 1680 सालीं ज्याचें बांधकाम आरंभिलें व जो पुढें आंग्र्यांच्या आरमाराचें ठाणें झाला, तो कुलाबा किल्ला तेथें समुद्रांत उभा आहे. भरतीच्या वेळीं त्याजकडे होडीनें जावें लागतें. पूर्ण ओहोटीस मात्र लोक ओल्या वाळूंतून पायीं अथवा घोडागाडीनें जातात. चोहोंकडे खारें पाणी असतां किल्ल्यांतील विहिरीचें पाणी गोडें आहे, हेंही पाहण्यासारखें आहे.

ओहोटीचा किनारा म्हणजे एक उघडी शाळाच होय. लहान खेकड्यांनीं बिळाभोंवतीं मांडलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी पाहावी. खडकांतील डबक्यांत शेवाळ, शंख व लहान मासे दिसतात. जिवंत प्राणी उचलून घरीं आणूं नये. पाहून झाल्यावर त्यास त्याच्या जागीं ठेवावें. खडकांवरील कालवांच्या धारेनें पाय कापतो, यास्तव अनवाणी चालूं नये.

आतां भरतीचें गणित. चंद्राच्या व कांहीं अंशीं सूर्याच्या आकर्षणानें समुद्राचें पाणी चढतें. अमावास्या व पौर्णिमा या सुमारास दोघांचें आकर्षण एकवटतें, तेव्हां उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे लहान भरती असते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारें 12 तास 25 मिनिटें लागतात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारें 50 मिनिटांनीं पुढें जाते. यावरून कोंकणांतील लोकांनीं सोपा नियम बसविला आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असतां पूर्ण भरतीची स्थूल वेळ निघते. पंचमी असल्यास 5 ची पाऊणपट पावणेचार. म्हणजे दुपारीं पावणेचारास पूर्ण भरती, आणि त्यापूर्वीं सव्वासहा तास, सकाळीं साडेनवाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी.

या हिशेबांत अर्ध्या-पाऊण तासाची चूक राहूं शकते. याकरितां गणित करूनही तेथील कोळ्यास वेळ विचारावी, व तो 'नको' म्हणाल्यास परतावें. किल्ल्याकडे पूर्ण ओहोटीच्या आधीं निघावें आणि पाणी फिरण्यापूर्वीं किनाऱ्यास लागावें. भरती नेहमीं समोरूनच येते असें नव्हे. वाळूंतील सखल भाग आधीं भरतात, आणि मनुष्य उंचवट्यावर कोरडा उभा असतां त्याच्या मागें पाणी झालेलें असतें. पाण्यांत एकट्यानें जाऊं नये. मित्र बुडत असतां हातांत हात घालून सर्वांनीं उडी घेणें हें शौर्य नव्हे. दोर, ओंडका अथवा हवेनें भरलेली वस्तु त्याच्याकडे टाकावी व मोठ्यानें हांका मारून जाणत्यांस बोलवावें.

निर्मात्यानें समुद्रास मर्यादा घालून दिली आहे व ती तो नित्य पाळतो. आपली मर्यादा ओळखणें हें आपल्याकडे राहिलें. आपल्या वर्गाची सहल एकादशीस ठरली, तर किल्ल्याकडे केव्हां निघावें व केव्हां परतावें, हें प्रत्येकानें वहींत मांडून दाखवावें. ज्याचें उत्तर बरोबर येईल, त्यानेंही किनाऱ्यावर पोंचल्यावर कोळ्यास एकदां विचारावें.