पत्त्यांचे रूपांतर आणि फायरवॉल: पेण-रोह्यातील लहान नेटवर्कांसाठी

पेण, हमरापूर आणि जोहे परिसरातील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत, तसेच रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक क्षेत्रातील रसायन उद्योगांत हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे, दूरच्या ग्राहकांशी बोलणी आणि कॅमेऱ्यांवरची देखरेख या सर्वांसाठी इंटरनेटची जोडणी गरजेची झाली असून, तिच्या तोंडाशी जुन्या संगणकावर लिनक्स किंवा ओपनबीएसडी बसवून स्वतःचा राउटर उभारणे हा स्वस्त आणि भरवशाचा मार्ग आहे. मात्र असा राउटर उभारताना ज्या चुका वारंवार घडतात, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच गैरसमज आढळतो: पत्त्यांचे रूपांतर, म्हणजे नॅट, सुरू झाले की संरक्षणही मिळाले, असे गृहीत धरले जाते.

हे रूपांतर जन्माला आले ते टंचाईतून. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असल्याने जगभर मिळून सुमारे ४२९ कोटी पत्तेच शक्य आहेत. म्हणून मे १९९४ मध्ये आरएफसी १६३१ या दस्तऐवजात मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमागे अनेक संगणक चालवण्याची पद्धत मांडली गेली, आणि फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ नुसार १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांसह तीन पट्टे खासगी वापरासाठी राखले गेले. आतील संगणकाकडून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरचा, म्हणजे माहितीच्या लहान पुडक्यावरचा, पाठवणाऱ्याचा पत्ता व पोर्ट क्रमांक राउटर बदलतो आणि त्या बदलाची नोंद आपल्या तक्त्यात ठेवतो. कारखान्याच्या फाटकावर बाहेर पडलेला टँकर परतल्यावर वहीतील नोंद पाहून आत घेतला जातो, तसे बाहेरून आलेले उत्तर त्या नोंदीवरून योग्य संगणकाकडे पोचते.

या व्यवस्थेत आतील संगणक सहज दिसत नाहीत हे खरे, परंतु राउटर स्वतः मात्र उघडाच राहतो. त्याचे एसएसएच, डीएनएस आणि व्यवस्थापनाचे वेबपान बाहेरच्या पत्त्यावरही उत्तर देत असेल, तर रूपांतराचा नियम तिथे येणाऱ्याला अडवत नाही. शिवाय सेवापुरवठादाराच्या त्याच भागातील एखाद्या यंत्राने थेट खासगी पत्त्याच्या नावे पॅकेट पाठवले, तर गाळणीचे, म्हणजे फायरवॉलचे, नियम नसलेला राउटर ते निमूटपणे आत पोचवतो. सर्वांत मोठी उणीव आयपीच्या सहाव्या आवृत्तीत उघड होते, कारण तेथे प्रत्येक यंत्राला सहसा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळतो आणि रूपांतराची गरजच उरत नाही. लिनक्सच्या एनएफटेबल्समध्ये केवळ ‘आयपी’ गटात लिहिलेले नियम सहाव्या आवृत्तीला लागूच होत नाहीत; दोन्ही आवृत्त्यांसाठी ‘आयनेट’ गट वापरावा लागतो. ज्याने चौथ्या आवृत्तीपुरतीच चाचणी घेतली, त्याचे हिशेबाचे संगणक दुसऱ्या बाजूने उघडे असू शकतात, आणि रोजच्या कामात काहीच बिघडत नसल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून नियमांची मांडणी नकारापासून सुरू करावी. राउटरकडे येणारी आणि राउटरमधून जाणारी अशा दोन्ही वाहतुकी प्रथम बंद ठेवाव्यात, आधी सुरू झालेल्या संवादांची उत्तरे येऊ द्यावीत आणि मग आतून बाहेर जाणारे तेवढेच मोकळे करावे. लिनक्सवरून ओपनबीएसडीच्या पीएफकडे वळणाऱ्याने एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे: पीएफमध्ये ‘क्विक’ हा शब्द नसेल तर शेवटचा जुळणारा नियम लागू होतो, त्यामुळे वरच्या ओळीत केलेली मनाई खालच्या एका सैल परवानगीने रद्द होते.

कॅमेऱ्यांचा डीव्हीआर मोबाइलवर दिसावा म्हणून त्याचे पोर्ट बाहेर खुले करण्याची पद्धत मात्र सोडलीच पाहिजे. ऑक्टोबर २०१६ मध्ये डाइन या कंपनीच्या डीएनएस सेवेवर झालेला मोठा हल्ला कारखान्यातून आलेलेच पासवर्ड कायम असलेले कॅमेरे आणि डीव्हीआर काबीज करणाऱ्या मिराई या घातक प्रणालीने घडवला होता. पोर्ट खुले करण्याऐवजी वायरगार्डसारखा कूटबद्ध बोगदा उभारावा. मार्च २०२० च्या ५.६ या आवृत्तीपासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे. अनेकदा पोर्ट खुले करूनही काहीच दिसत नाही, आणि तेव्हा आधी राउटरच्या बाहेरच्या जोडणीवरचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर पुरवठादारानेच वर आणखी एक रूपांतर केलेले असते, आणि आतील नियम कितीही बदलले तरी बाहेरून येणारी वाट खुली होत नाही. धाटावमध्ये यंत्रनियंत्रणासाठी मॉडबस वापरणाऱ्यांनी अधिकच सावध असावे, कारण १९७९ सालच्या या मूळ पद्धतीत ओळख पटवण्याची सोयच नाही. त्या यंत्रांचे नेटवर्क कार्यालयापासून वेगळे ठेवून त्यांना बाहेर जाण्याचीही मनाई करावी.

पिंग जाते, पण बँकेचे पान अर्धवट उघडून थांबते, ही तक्रार सहसा फायरवॉलच्या माथी मारली जाते. पण बहुधा कारण पॅकेटच्या आकारात असते: पीपीपीओई जोडणीत ८ बाइट शीर्षकासाठी खर्च होऊन पॅकेटची मर्यादा १५०० वरून १४९२ वर येते, आणि मोठे पॅकेट अडल्याची सूचना देणारे आयसीएमपी संदेश कोणी सरसकट बंद केले असतील, तर पाठवणाऱ्याला ते कळतच नाही. आयसीएमपी पूर्ण बंद न करणे आणि चौथ्या आवृत्तीत टीसीपीचा कमाल खंड १४५२ वर बांधणे, हा त्यावरचा उपाय होय.

रायगडचा पावसाळा या कामात वेगळीच परीक्षा घेतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर जिल्ह्यात अनेक ठिकाणी कित्येक दिवस वीज नव्हती. अशा खंडानंतर राउटर पुन्हा सुरू होतो तेव्हा केवळ स्मृतीत असलेले आणि फाइलमध्ये न जपलेले नियम नाहीसे झालेले असतात. नियम लागू होण्याआधीच पॅकेट पुढे पाठवणे सुरू होत नाही ना, हेही पाहावे. जुन्या संगणकाची घड्याळाची बॅटरी संपली असेल तर नोंदींवरची वेळ चुकते, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी नोंदी १८० दिवस जपायच्या असल्याने ही चूक क्षुल्लक ठरत नाही. घड्याळ एनटीपीने जुळवलेले असावे.

रोह्यात बसून पेणच्या राउटरचे नियम बदलणाऱ्याने आधी पाच मिनिटांनी जुने नियम परत आणणारी आज्ञा लावून ठेवावी, आणि नवीन फाइल लागू न करता केवळ तपासून घ्यावी. पीएफमध्ये ‘एन’ आणि एनएफटेबल्समध्ये ‘सी’ हे पर्याय त्यासाठीच आहेत. अखेरची चाचणी आतल्या वायफायवरून घेऊ नये. मोबाइलच्या डेटावरून, दोन्ही आवृत्त्यांच्या पत्त्यांवर, प्रत्येक बदलानंतर घ्यावी. राउटर बसवून देणाऱ्यांना विनंती एवढीच, की नियमांची छापील प्रत, प्रत्येक ओळीच्या कारणासह, मालकाच्या हाती दिल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये.