पिल्लू घरात घ्यायचं की गंजीतच राहू द्यायचं

पोरी, कडब्याच्या गंजीत मांजराची तीन पिल्लं दिसली म्हणून सकाळी फोन केलास आणि घरात आणू का विचारलंस. आज हात लावू नको, माय. पिल्लं एकमेकांच्या अंगावर गुपचूप पडलेली आहेत, पोटं गोल आहेत म्हणालीस ना, मग आई जवळच आहे. उंदरामागं गेली असेल, नाहीतर तू तिथं उभी म्हणून माळवदावरून बघत बसली असेल. सांजच्याला गंजीभोवती मूठभर ज्वारीचं पीठ पातळ पेर. रात्री ती येऊन गेली तर सकाळी पिठावर पावलं उमटलेली दिसतील. माझ्या सासूबाई असंच करायच्या.

माणसाचा वास लागला की मांजर पिल्लं टाकून देते म्हणतात, ते खरं नाही. पण सारखी माणसं डोकवायला लागली की ती तोंडात धरून पिल्लं दुसरीकडं नेते, मग तुला सापडायची नाहीत. पिल्लं गार पडली, एकसारखी ओरडायला लागली आणि पीठ तसंच राहिलं, तरच उचल. तेव्हाही आधी अंग गरम कर, मग खायला. गार पिल्लाला पाजलेलं पचत नाही. गाईम्हशीच्या दुधानं हगवण लागते, त्यात लहान पिल्लं जातात. पिल्लांच्या दुधाची पावडर मिळते, ती डॉक्टरला विचारून आण.

गंज घरामागं आहे म्हणून ही गावच्याच मांजराची समजू. ऊसतोडीत किंवा माळावर सापडली असती तर गोष्ट वेगळी होती. रानमांजराच्या पिल्लांवर लहानपणी पट्टे असतात, ती हुबेहूब आपल्या मांजराच्या पिल्लांसारखीच दिसतात. ती पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. जुन्नरकडं उसात बिबट्याची, रानमांजराची, वाघाटीची पिल्लं सापडली की वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर अंधार पडताना ती त्याच जागी पेटीत ठेवतात. बहुतेक वेळा आई येते आणि घेऊन जाते. तसं कधी सापडलं तर जागा हलवू नको, वनखात्याच्या 1926 ला फोन लाव.

आता वय बघ, सगळं त्यावर आहे. डोळे दहा-बारा दिवसांत उघडतात, तिसऱ्या आठवड्यात कान उभे राहतात. डोळ्यांचा निळेपणा सहा-सात आठवड्यांनी जातो. वजन आठवड्याला साधारण 100 ग्रॅम वाढतं. दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या-आठव्यापर्यंत पिल्लू माणसाला घाबरायचं की नाही हे शिकतं. म्हणून आई असेल तर पाच-सहा आठवडे तिच्याजवळच राहू दे, रोज लांबून बोलत जा. पिल्लं खायला लागली की जेवढी खरंच सांभाळता येतील तेवढीच आत घे. तीन महिन्यांच्या पुढं फार कष्ट, चार-पाच महिन्यांचं झालं की नादी लागू नको.

आत घेतलंस तर सगळं घर मोकळं देऊ नको. एक लहान खोली, कोपऱ्यात आडवं खोकं, त्यात तुझं जुनं लुगडं. जमिनीवर बस. टक लावून बघू नको, डोळे हळू मिटून उघड. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक बोटावर घेऊन पुढं धर. फिसकारतंय म्हणजे रागावलंय असं नाही, जीव मुठीत धरलाय त्यानं. तू बसलेली असताना ते खायला लागलं तर माणसाळेल. दोन आठवडे रोज बसूनही तू उठून गेल्यावरच, तेही रात्रीच खात असेल, तर त्याला बाहेरच सुख आहे.

हे मला एका पिल्लानं शिकवलं. चार महिन्यांचं होतं, मी हट्टानं डाल्याखाली कोंडलं. दोन दिवस काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी डालं उचलताना अंगठ्यातून दात आरपार गेला. मला सुया घ्याव्या लागल्या, आणि ते पुन्हा आपल्या अंगणात आलं नाही. अजून वाईट वाटतं. तुला चावलं-ओरखडलं तर 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धू. हळद, चुना काही लावू नको. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा.

बाहेर ठेवायचं ठरलं तर त्याच गंजीत ठेव. पोत्यात घालून दुसऱ्या शिवारात सोडणारे लोक आहेत. जनावराला असं टाकून देणं प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि अनोळखी जागी ते उपाशी मरतं. ठरल्या वेळी भाकरीचा कुटका आणि चार घास मांसाचे, एक पाण्याचं भांडं, एवढं पुरे. सोयाबीनच्या पोत्यांभोवतीचे उंदीर ते बघून घेईल.

मात्र पिल्लांच्या आईचं नसबंदीचं ऑपरेशन चुकवू नको. मादी चार-पाच महिन्यांतच माजावर येते, दोन महिन्यांत वितेसुद्धा. पिल्लं दूध सोडतील तेव्हा उदगीरच्या जनावरांच्या कॉलेजच्या दवाखान्यात विचार. पिंजरा मागून आण, हातानं धरायला जाऊ नको.

आज एवढंच कर, दिवेलागणीला पीठ पेर आणि कुत्र्याला बांधून ठेव. उद्या उजाडल्यावर पिठावर काय उमटलंय ते नीट बघ आणि मला फोन कर.