पासपोर्टवरचा शिक्का चुकला तर?

व्हिसा मिळाला की घरी पेढे येतात. शेजारच्या काकू विचारतात, "मग, कधी निघणार?" मामा बॅगा आणून देतो. पण ज्या शिक्क्याच्या जोरावर आपण त्या देशात खरोखर राहतो, तो इमिग्रेशनचा शिक्का कुणी नीट वाचतसुद्धा नाही. आमच्या बॅचमधले निम्मे लोक सध्या जीआरईच्या शब्दांच्या याद्या पाठ करतायत, म्हणून म्हटलं यंदा मराठी विभागाला कविता न देता हाच विषय द्यावा. (तसंही माझ्या कवितांवर संपादक मंडळ फारसं खूश नसतं!)

आधी एक बेसिक गोष्ट. व्हिसा म्हणजे राहण्याचा परवाना नव्हे. व्हिसा म्हणजे दारापर्यंत येऊन बेल वाजवायची परवानगी. आत घ्यायचं का, कोणत्या नात्याने घ्यायचं आणि किती दिवसांसाठी, हे दारात बसलेला अधिकारी ठरवतो. अमेरिकेच्या शिक्क्यावर म्हणूनच तीन गोष्टी बघायच्या असतात : आल्याची तारीख, वर्ग आणि मुदत. पहिली छापलेली असते, उरलेल्या दोन अधिकारी बहुतेक वेळा पेनाने लिहितो. विद्यार्थ्याच्या वर्गात 'एफ-१' यायला हवं आणि मुदतीच्या जागी आतापर्यंतच्या पद्धतीप्रमाणे 'डी/एस', म्हणजे 'ड्युरेशन ऑफ स्टेटस'. यात तारीखच नसते. शिक्षण नियमाप्रमाणे चालू आहे तोवर राहा, एवढाच त्याचा अर्थ. फिरायला आलेल्या माणसाला मात्र 'बी-२' आणि एक ठरावीक तारीख मिळते, साधारण सहा महिन्यांनंतरची. (ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सरकारने विद्यार्थ्यांनाही ठरावीक तारीख द्यायचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा त्या वेळचा नियम बघूनच जा.)

या शिक्क्याला एक जुळा भाऊ आहे. त्याचं नाव आय-९४. पूर्वी हे एक पांढरं कार्ड असायचं आणि ते पासपोर्टमध्ये स्टेपल करून मिळायचं. ३० एप्रिल २०१३ पासून विमानतळांवर आणि बंदरांवर ते टप्प्याटप्प्याने कॉम्प्युटरमध्ये गेलं. आता खरा हिशोब तिथे असतो. कित्येकदा शिक्का मारतही नाहीत, पण आय-९४ ची नोंद मात्र होते आणि ती सरकारी वेबसाइटवरून फुकट डाउनलोड करता येते. शिक्का बरोबर आणि नोंद चुकीची, असंही होऊ शकतं. म्हणजे दोन्ही बघायला हवं.

माझा मावसभाऊ (आम्ही त्याला दादाच म्हणतो) ऑगस्ट २०२३ मध्ये एमएसला गेला. त्याच्या पासपोर्टमध्ये दोन व्हिसे होते. एक नवाकोरा एफ-१. दुसरा बी-२, २०१८ साली मावशी-काकांबरोबर फिरायला गेला होता तेव्हाचा. तो दहा वर्षांचा असल्यामुळे अजून जिवंत! रांग लांब होती, अधिकाऱ्याने पानं उलटली, हाताला जुना व्हिसा लागला आणि दादाची नोंद झाली 'बी-२', मुदत फेब्रुवारी २०२४. घरी त्याचा फोन आला, "अॅडमिट झालो, सगळं ओके." आजीने फक्त 'अॅडमिट' ऐकलं आणि देवापाशी दिवा लावून हॉस्पिटलचं नाव विचारायला लागली. तिला समजावण्यात अर्धा तास गेला.

दोन दिवसांनी युनिव्हर्सिटीच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसने आय-९४ ची प्रिंट मागितली, तेव्हा प्रकार कळला. तुम्ही म्हणाल, एक अक्षर आणि एक आकडा चुकला, त्यात काय एवढं? तर एवढं, की बी-२ वर आलेला माणूस डिग्रीचं शिक्षण घेऊ शकत नाही. कॅम्पसवर नोकरी मिळाली तरी सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. ड्रायव्हिंग लायसन्सलाही हीच नोंद तपासतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती तारीख. नोंदीवर तारीख असेल आणि ती उलटून माणूस तिथेच राहिला, तर ते दिवस बेकायदेशीर मुक्कामात धरले जातात. १९९६ च्या त्यांच्या कायद्याप्रमाणे असे १८० दिवसांहून जास्त दिवस भरल्यावर देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही. एक वर्ष किंवा जास्त भरलं तर दहा वर्षं. मावशीने बँकेचं कर्ज काढून पाठवलेलं होतं, त्यामुळे त्या आठवड्यात तिच्या घरी कुणी धड जेवलं नाही.

आता जरा इंजिनिअरिंग. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली त्या दोन विचित्र ओळी असतात ना, बाणांसारख्या खुणांच्या? ती मशीनने वाचायची जागा. तिच्यात पासपोर्ट नंबर, जन्मतारीख आणि संपण्याची तारीख या प्रत्येकामागे एक तपासणीचा अंक असतो. रीत सोपी : आकड्यांना ओळीने ७, ३, १, ७, ३, १ असं गुणायचं, बेरीज करायची आणि तिचा शेवटचा अंक घ्यायचा. समजा कुणाचा जन्म १२ एप्रिल २००५ चा. मशीनच्या भाषेत ०५०४१२. गुणून बेरीज येते ४८, तपासणीचा अंक ८. आता कुणी चुकून १२ चे २१ केले तर बेरीज ५० आणि अंक ०. जुळलं नाही, मशीन लगेच बोंबलणार!

पेनाने लिहिलेल्या 'बी-२' मागे असा कुठलाच अंक नसतो. अधिकाऱ्याने चुकीचा व्हिसा निवडला तर कॉम्प्युटरच्या दृष्टीने तोही व्हिसा खरा, माणूसही खरा, मग आक्षेप घेणार कोण? सिस्टिममध्ये त्या क्षणी ही चूक पकडू शकणारा एकच सेन्सर असतो. तो म्हणजे पासपोर्टचा मालक, आणि तो वीस-बावीस तासांचा प्रवास करून अर्धवट झोपेत उभा असतो. मला हे डिझाइन मुळीच आवडलेलं नाही, पण आहे ते असं आहे.

म्हणून काउंटर सोडण्यापूर्वी पासपोर्ट उघडून बघायचा. मागे रांग आहे म्हणून लाजायचं नाही. पासपोर्ट देतानाच एफ-१ चं पान उघडून, सोबत युनिव्हर्सिटीचा आय-२० ठेवून द्यायचा आणि तोंडानेही सांगायचं की मी शिकायला आलोय. तिथल्या तिथे शांतपणे "सर, हे एफ-१ हवं ना?" एवढं विचारलं तर काम मिनिटात होतं. एकदा बॅगा घेऊन बाहेर पडलं की तो दरवाजा वन-वे आहे.

बाहेर पडल्यावर चूक दिसली तर? तर 'डिफर्ड इन्स्पेक्शन' नावाचं ऑफिस शोधायचं. ही ऑफिसं मोठ्या विमानतळांवर किंवा त्यांच्या आसपास असतात. चुकीचा वर्ग, चुकीची मुदत, नाव-जन्मतारखेतली चूक हे सगळं तिथे दुरुस्त होतं. विशेष म्हणजे ज्या विमानतळावर चूक झाली तिथेच परत जावं लागत नाही. दादा ज्या शहरात शिकतो तिथून जवळच्या ऑफिसला त्याने आधी ईमेल केला आणि मग पासपोर्ट, आय-२०, व्हिसाची प्रत, बोर्डिंग पास असं सगळं फाइलला लावून गेला. पैसे लागले नाहीत. त्यांनी जुनं लिहिलेलं खोडून बाजूला बरोबर लिहिलं आणि कॉम्प्युटरमधली नोंदही बदलली. दादाने घरी येऊन आय-९४ पुन्हा डाउनलोड केलं, एफ-१ आणि डी/एस डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा कुठे मावशीला फोन केला.

एक सावधगिरी. प्रत्येक वेगळी दिसणारी तारीख म्हणजे चूक नव्हे. आय-२० वर कॉलेजची सही नसेल किंवा एखादा कागद कमी असेल, तर अधिकारी विद्यार्थ्याला मुद्दाम ३० दिवसांची तारीख देतो आणि हातात आय-५१५ए नावाचा फॉर्म देतो. तिथे दुरुस्ती मागत बसायचं नाही. फॉर्ममध्ये मागितलेले कागद मुदतीत पाठवायचे. आधी हातातले सगळे कागद वाचा, मग भांडा.

आणि स्वतः पेन चालवू नका! बी चं एफ करायला एक रेघ पुरेल असं वाटतं. पण आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात पासपोर्टमधल्या नोंदी बदलणं हा गुन्हा आहे. बँकॉकची ट्रिप घरी कळू नये म्हणून पानं फाडणारे महाभाग मुंबई विमानतळावर पकडले गेल्याच्या बातम्या पेपरात येतातच. साधा चुकलेला शिक्का असेल तर तुम्ही निर्दोष असता, पेन लावलंत की आरोपी.

युरोपात जाणाऱ्यांसाठी थोडंसं वेगळं गणित. शेंगेन देशांच्या शिक्क्यावर देशाची अक्षरं, तारीख, ठिकाण आणि विमान, रेल्वे, गाडी किंवा जहाजाचं चित्र असतं. आत येतानाचा शिक्का चौकोनी, बाहेर जातानाचा गोल कोपऱ्यांचा. तिथे फिरायला गेलेल्याला १८० दिवसांत ९० दिवस मिळतात आणि ते मोजायचे या दोन शिक्क्यांवरून. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला तर कागदोपत्री तुम्ही अजून तिथेच! आत येतानाचा नसेल तर तुम्ही जास्त राहिलात असं गृहीत धरायची मुभा त्यांच्या सीमा नियमांनी अधिकाऱ्यांना दिली, पण ते खोडून काढायचा हक्क प्रवाशालाही दिला. कशाने? तिकिटं किंवा आपण त्या दिवशी दुसरीकडे होतो याचा विश्वासार्ह पुरावा. म्हणजे मुंबईचे येण्या-जाण्याचे शिक्के आणि बोर्डिंग पासचे तुकडे इथे सोन्याच्या भावाचे.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथेही शिक्क्यांच्या जागी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेणारी कॉम्प्युटरची नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. दिवस मोजायचं काम त्यामुळे मशीनकडे गेलं. पण बोर्डिंग पास टाकून देऊ नका. शिक्का निदान आपल्या हातात असायचा, तो वाचता तरी यायचा. ही नोंद चुकली तर ती मागून, बघून, दुरुस्त करून घ्यावी लागते आणि त्यासाठी पुन्हा पुरावा लागणारच.

जाता जाता नावाबद्दल, कारण हे खास आपल्याकडचं. आपल्या पासपोर्टमध्ये आडनाव वेगळ्या रकान्यात आणि स्वतःचं व वडिलांचं नाव बहुधा एकाच रकान्यात असतं. आय-९४ शोधताना मुलं फक्त स्वतःचं नाव टाकतात, 'नोंद सापडली नाही' असं येतं आणि धाबं दणाणतं. पासपोर्टमध्ये जसं आहे तसं, वडिलांच्या नावासकट टाकून बघा. दादाचंही पहिल्या वेळी असंच झालं होतं; बाबांचं नाव लावल्यावर नोंद निघाली, मग त्यातली चूक दिसली.