हरवलेला मोबाईल : शोध फुकट, पण जपून

ऊसबिल बँकेत जमा होते आणि त्याची किल्ली म्हणजे मोबाईल. तोडणीच्या धांदलीत तो फडात पडला, तर पैसे घेऊन ‘लोकेशन काढून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

१. आजच *#०६# दाबा. येणारा १५ अंकी आयएमईआय नंबर वहीत टिपून ठेवा.

२. अँड्रॉइड फोन हरवला, तर दुसऱ्या फोनवर आपल्या खात्याने गुगलचे ‘फाइंड हब’ उघडा. जागा दिसते, घंटी वाजवता येते, कुलूपही लावता येते.

३. चोरी वाटल्यास बँकेला कळवा, सिम बंद करून त्याच नंबरचे नवे घ्या, पोलिसांत तक्रार द्या. मग २०२३ पासून देशभर चालू असलेल्या सरकारच्या ‘सीईआयआर’वर फोन बंद पाडा.

ओटीपी कुणाला सांगू नका. नकाशा पाहून एकट्याने चोरामागे धावू नका. पोलिसांना सोबत घ्या. आणि दुसऱ्याचा ठावठिकाणा त्याच्या संमतीशिवाय काढू नये, मग तो घरचा माणूस का असेना!