औषधी वनस्पतींच्या अर्काची परीक्षा

लोणावळ्यापासून राजमाचीपर्यंतच्या रानांत कुडा, हिरडा, बेहडा, अडुळसा ह्या वनस्पती मावळच्या शेतकऱ्यांना परिचित आहेत. त्यांपैकी एखादीचा अर्क कर्करोगावर गुणकारी ठरल्याची वार्ता गावात आली, की दोन अनर्थ संभवतात. झाड मुळासकट खणले जाते, आणि रुग्ण रुग्णालयातील उपचार सोडून काढा घेऊ लागतो. म्हणून अशी परीक्षा कशी होते, व तिच्यावरून काय सिद्ध होते, हे ग्रामसेवकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

परीक्षेचा पाया म्हणजे वनस्पतीची अचूक ओळख. अतिसारावर ज्याची साल वापरतात तो पांढरा कुडा. काळा कुडा हे निराळे झाड. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकापर्यंत सुट्या राहतात, काळ्याच्या टोकाशी जुळलेल्या असतात. साल पोत्यात भरल्यावर मात्र हा भेद कोणास दिसणार? यास्तव फूल किंवा फळ असलेली फांदी दाबून वाळवावी, तिजसोबत गाव, जागा व तारीख लिहून ठेवावी आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणच्या तज्ज्ञांकडून नाव निश्चित करून घ्यावे. पावसाळ्यात तोडलेला पाला लवकर बुरसतो. असा नमुना टाकून द्यावा.

प्रयोगशाळेत वाळलेल्या भागाची पूड पाण्यात किंवा मद्यार्कात भिजवून अर्क काढतात. काचेच्या बशीत थिजविलेल्या पोषक थरावर जंतू पसरतात, थराला लहान खळगे पाडून त्यांत अर्क घालतात व बशी ३७ अंश सेल्सिअस उष्णतेत सुमारे एक दिवस ठेवतात. जंतू मेले किंवा वाढले नाहीत, तर खळग्याभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते. शेजारच्या एका खळग्यात नुसता मद्यार्क घालावाच लागतो, कारण मद्यार्क स्वतःच जंतुनाशक आहे. वर्तुळ मोठे म्हणजे अर्क प्रबळ, असेही नव्हे. थरात सहज पसरणारा सौम्य पदार्थदेखील मोठे वर्तुळ देतो. म्हणून पुढे अर्क पातळ करीत जाऊन किती अल्प प्रमाणात जंतूंची वाढ थांबते, हे पाहतात.

कर्करोगाची परीक्षा याहून बिकट आहे. बशीत वाढविलेल्या कर्कपेशी अर्काने मेल्या, एवढ्याने काही ठरत नाही. कण्हेरीचा अर्कही त्या मारतो, आणि कण्हेर माणसासही मारते. निरोगी पेशी वाचतात काय, हा खरा प्रश्न होय. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ या काळात एक लाखाहून अधिक वनस्पती-अर्क तपासले. त्यांतून हाती लागलेली औषधे मोजकीच.

त्यांपैकी एकाची हकिगत आपल्या निकटची आहे. नंदुरबार येथे जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी व त्यांचे अमेरिकन सहकारी मनरो वॉल यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हा पदार्थ वेगळा केला. रुग्णांवरील पहिल्या चाचण्या विषारी परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. त्यात रासायनिक फेरफार करून तयार केलेल्या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९६ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. हाच पदार्थ सह्याद्रीतील नरक्या या झाडातही असल्याचे १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे लाकडासाठी नरक्याची बेसुमार तोड झाली. त्याचा काढा घरी करून पिणे हे सरळ विषप्राशन होय.

नमुन्यासाठी पाने, फुले किंवा थोडी बारीक फांदी पुरते. खोडाची साल सभोवती काढल्यास झाड मरते. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये स्थानिक स्तरावर व्यवस्थापन समिती व लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद आहे. बाहेरचा व्यापारी साल किंवा मुळ्या मागू लागल्यास ग्रामसेवकाने प्रथम समितीस व वनखात्यास कळवावे, आणि झाडाचे स्थानिक नाव, जागा व उपयोग त्या नोंदवहीत आहे की नाही, ते पाहावे.