शाईचा ठिपका आणि मिरचीपूड

काळ्या स्केचपेनची शाई खरोखर काळी असते का? गाळण कागदाची लांब पट्टी कापा. खालच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघ मारून तिच्यावर शाईचा बारीक ठिपका द्या. पट्टी पेल्यात अशी टांगा की टोक पाण्यात बुडेल, पण ठिपका पाण्याच्या वर राहील. थोड्याच वेळात पाणी वर चढते आणि एका काळ्या ठिपक्यातून निरनिराळे रंग वेगवेगळ्या उंचीवर गेलेले दिसतात. (रेघ पेनाने का मारायची नाही, हे तुम्हीच ओळखा.)

यालाच क्रोमॅटोग्राफी म्हणतात. प्रत्येक रंगाला कागद धरून ठेवू पाहतो आणि पाणी सोबत नेऊ पाहते. ज्याचे कागदाशी अधिक जमते तो मागे राहतो, पाण्यात सहज विरघळणारा पुढे जातो. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खडूसारख्या पुडीने भरलेल्या काचनळीतून पानांचा अर्क सोडला, तेव्हा हिरवे आणि पिवळे पट्टे वेगळे झाले. १९०६ साली त्यांनी या पद्धतीला हे नाव दिले. गंमत म्हणजे रशियन भाषेत ‘त्स्वेत’ म्हणजे रंग! पुढे कागदावरील पद्धतीला चालना देणाऱ्या मार्टिन आणि सिंज यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वेगळे झाले, पण ओळखायचे कसे? पाणी रेघेपासून ८ सेंटिमीटर चढले आणि रंग ६ सेंटिमीटर, तर ६ भागिले ८ म्हणजे ०.७५. तोच कागद, तेच द्रावक आणि तेच तापमान असेल तर हा आकडा त्या पदार्थासाठी जवळजवळ ठरलेला असतो. तरीही दोन पदार्थांचा आकडा सारखा येऊ शकतो. म्हणून शेजारीच माहीत असलेल्या शुद्ध पदार्थाचा ठिपका देतात, आणि शंका राहिली तर द्रावक बदलून पुन्हा पाहतात.

हे केवळ परीक्षेपुरते नाही. २००५ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये चारशेहून अधिक खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. कारण भारतातून गेलेल्या मिरचीपुडीत सुदान-१ हा रंग होता. मेण, तेल, बूटपॉलिश यांना लालसर करणारा हा रंग खाद्यपदार्थांत निषिद्ध आहे. डोळ्यांना मात्र ती मिरची छान लालभडकच दिसणार! अशी भेसळ पकडायला प्रयोगशाळेत क्रोमॅटोग्राफीचीच यंत्रे लागतात.

पालकांनी एक ध्यानात घ्यावे. सुदान पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे वरच्या पट्टीवर तो जागचा हलणार नाही. पट्टी स्वच्छ दिसली म्हणून मसाला शुद्ध ठरत नाही. अन्नसुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेता येतो. तसा हेतू खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावा लागतो, आणि पदार्थ कायद्याविरुद्ध आढळल्यास शुल्क परत मिळते.