धरणाच्या काठावर

तेलगावहून समुद्र फार लांब. आपल्यातल्या पुष्कळांनी तो पाहिलेलाही नाही. पावसाळी ढग कोकणात आणि सह्याद्रीवर पाणी ओततात, आपल्याकडे येईतो हलके होतात. म्हणून बीड जिल्ह्यात पाऊस कमी. तरीही पाण्याकाठी एक दिवस घालवणं आपल्याला अवघड नाही. सकाळी चौफुलीवर माजलगावची गाडी धरायची. सोबत भाकरी, ठेचा, कांदा बांधून घ्यायचा. ऊन चढायच्या आत आपण धरणावर असतो. धरण भरलेलं असलं तर पलीकडचा काठ नीट दिसत नाही. वाऱ्यानं लाटा उठतात. पोरं त्याला समुद्रच म्हणतात.

पण हा समुद्र नव्हे. तो फरक ठाऊक नसला तर जिवाशी गाठ पडते.

हे पाणी आलं कुठून? माजलगावचं धरण सिंदफणा नदीवर आहे. ते १९८७ साली पुरं झालं. सिंदफणा पुढं मंजरथजवळ गोदावरीला मिळते. एकट्या सिंदफणेवर धरण दर वर्षी भरेलच असं नाही. म्हणून पैठणच्या नाथसागरातून उजव्या कालव्यानं इथं पाणी सोडतात. पैठणच्या धरणाची पायाभरणी १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी केली होती. १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

आता पाण्याखाली काय आहे ते पाहू. समुद्राकाठी पुष्कळ ठिकाणी वाळू असते आणि ती हळूहळू उतरत जाते. धरणाखाली मात्र आपल्यासारख्याच माणसांची शेतं आहेत. बांध, ओढे, विहिरी, सगळं जागच्या जागी बुडालं. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस एक पाऊल पुढं टाकतो, आणि ते पाऊल जुन्या विहिरीत पडतं! वरून पाणी सगळीकडे सारखंच दिसतं. काठावरची काळी माती तर भिजली की पाय गिळते. उपसायला गेलं की दुसरा पाय रुततो.

उन्हाळ्यात पाणी मागं सरतं. मोकळ्या झालेल्या जमिनीवर कुठं कुठं लोक गाळपेर करतात. त्या वेळी एकदा काठानं हिंडून पाहावं. ओढा कुठं, खड्डा कुठं, मुरमाड टणक जागा कुठं, हे डोळ्यांनी दिसतं. पाणी चढल्यावर ही ओळख कामाला येते. नाहीतर धरणावर मासे धरणाऱ्या लोकांना विचारावं. त्यांच्याइतका तळ दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही.

अशी गावं दूर देशांतही बुडाली आहेत. अमेरिकेत लास व्हेगास नावाचं शहर वाळवंटात आहे. तिथले लोकही सुटीत धरणाच्या काठी जातात. कोलोरॅडो नदीवरचं ते हूव्हर धरण १९३६ साली पुरं झालं. त्याच्या पाण्याखाली सेंट थॉमस हे गाव गेलं. पाणी फार उतरलं की तिथल्या घरांचे पाये उघडे पडतात.

पूर्वी आपल्याकडे पोरं विहिरीत पोहायला शिकत. पाठीला वाळला भोपळा बांधला की बाप खुशाल आत ढकलून देई. आता विहिरी आटल्या आणि बोअर आल्या. बोअरमध्ये कोण पोहणार? त्यामुळं पाण्याची ओढ तेवढीच राहिली आणि पोहणं मात्र गेलं. आमच्या मते हीच खरी काळजीची गोष्ट आहे.

तेव्हा मनाई असेल तिथं उतरूच नका. इतर ठिकाणी टणक जागा पाहा, आणि मुलांना हाताच्या अंतरावर ठेवा. दारू प्यालेल्याला पाण्यात जाऊ देऊ नका. भिंतीजवळ आणि सांडव्याजवळ पोहू नका. धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रात जेवायला बसू नका. वर दरवाजे उघडले की कोरड्या पात्रात बघता बघता लोंढा येतो. आणखी एक. बीड शहर हेच पाणी पितं. कपडे, भांडी, जनावरं तिथं धुऊ नका. उष्टं-खरकटं परत घेऊन या.

बुडणारा माणूस ओरडेलच असं नाही. पुष्कळदा तो गुपचूप खाली जातो. त्याला पाहून पाण्यात उडी घालू नका. घाबरून तो मिठी मारतो आणि दोघंही जातात. सोबत एक लांब कासरा आणि घट्ट बुचाचा रिकामा कॅन ठेवा. कासऱ्याला कॅन बांधून त्याच्याकडं फेका. कासरा नसेल तर दोन लुगडी गाठ मारून बांधा. काठावर पालथं पडून ओढा, म्हणजे तुम्ही ओढले जाणार नाही.

बाहेर काढल्यावर त्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. त्यात वेळ जातो. दुसऱ्या कोणाला १०८ वर फोन करायला सांगा. श्वास चालत नसेल तर उताणं निजवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडानं श्वास द्या. तरी श्वास येत नसेल तर छातीच्या मधोमध ३० वेळा जोरानं दाबा, मग २ श्वास द्या, पुन्हा ३० वेळा दाबा. गाडी येईतो हे थांबवू नका. माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी त्याला दवाखान्यात न्याच. छातीत गेलेल्या पाण्यानं काही तासांनीही धाप लागू शकते.